करंगळीची चूक

साडेदहा वाजले तरी मामा परत आले नव्हते आणि माझा नवरा पोह्यांवर लिंबू पिळत होता.

“येतो म्हणालेत ना? मग येतील की,” मल्लेश म्हणाला. “तू बस बघू आधी. फिरून फिरून फरशी झिजवशील.”

मला बसवत नव्हतं. मामांच्या खोलीतल्या संगणकाच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत एकच शब्द होता. ‘येतो.’ सव्वाआठला तो लिहून ते बाहेर पडले होते. रोज मठापर्यंत जाऊन अर्ध्या तासात परततात, म्हणून आधी कुणी मनावर घेतलं नाही. मग मी मठात जाऊन आले. तिथं आज ते फिरकलेच नव्हते. फोन उशाशी पडलेला होता आणि गोळ्यांची डबीही. आठच्या गोळीचा अंमल अकरापर्यंत पुरतो. त्यानंतर त्यांचे पाय जमिनीला चिकटतात. मग ते रस्त्यात असोत नाहीतर रुळावर, पाऊल उचलत नाही आणि तोंडातून हाकही निघत नाही.

मामा म्हणजे माझे सासरे, शिवलिंग हत्तरगी. मल्लेश त्यांना आप्पा म्हणतो आणि उरलेलं गडहिंग्लज हत्तरगी सर. पस्तीस वर्षं त्यांनी टायपिंगची इन्स्टिट्यूट चालवली. अर्ध्या तालुक्यातले कारकून त्यांच्या हाताखालून गेले. नापास झाला तो त्यांचा स्वतःचा मुलगा, आणि तोही तीनदा. ‘दिव्याखाली अंधार,’ असं सर चारचौघांत बोलून गेले. मल्लेशनं सरळ बॅटरी दुरुस्तीचं गॅरेज टाकलं. तेव्हापासून नऊ वर्षं एका घरात राहून बापलेकांचं बोलणं ‘जेवलास का’ आणि ‘पाणी आलं का’ याच्यापुढं गेलं नव्हतं.

मग कंपवात आला. आधी हात गेले, मग आवाज. मामा बोलायला लागले की ओठ हलतात, बाहेर नुसता वारा येतो. पेननं लिहायला घेतलं की चौथ्या शब्दाला अक्षर मुंगीएवढं होतं. राहिला कळफलक. आणि कळफलक हे तर माझं खातं.

मी पुण्यातल्या एका कंपनीसाठी घरबसल्या इनपुट ड्रायव्हर लिहिते. ड्रायव्हर म्हणजे गाडी चालवणारा नव्हे, हे मला आमच्या लग्नात निदान वीस पाहुण्यांना सांगावं लागलं होतं. आपण कळ दाबली की संगणकाला अक्षर कळत नाही. त्याला कळतं एवढंच, की कितवी कळ दाबली गेली, कधी दाबली आणि कधी सोडली. त्याचं अक्षर करून पुढं देणारा मधला प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. साधा ड्रायव्हर पोस्टमनसारखा असतो, पाकीट फोडून बघत नाही. पण कंपवाताचा हात सेकंदाला चार-सहा वेळा थरथरतो. एक ‘क’ मागितला तर चार उमटतात. ही थरथर गाळणं जुनंच काम आहे, माझ्या लहानपणीच्या संगणकांतही ती सोय होती. आमच्या कंपनीचा ‘सुहस्त’ हा ड्रायव्हर त्यापुढं गेला. तो हात शिकतो. कोणतं बोट कुठं घसरतं, माणूस लिहिल्यावर काय खोडतो, हे बघून त्या हाताचा नकाशा बनवतो. शिवाय त्याला मराठी येते. लाखो लोकांनी लिहिलेलं वाचून तो शिकलाय, की कुठल्या प्रसंगी माणूस कोणता शब्द लिहितो. हात एक सांगतो, भाषा दुसरं सांगते, आणि दोघांत कुणाचं ऐकायचं ते सेटिंगच्या फाइलमधली एक ओळ ठरवते. ‘हातावर भरवसा.’ तिथं १ लिहिलं तर सगळा हातावर, ० लिहिलं तर सगळा भाषेवर.

मामांच्या फाइलमध्ये मी ०.३ ठेवला होता. मीच ठेवला होता. त्याआधी त्यांना मिनिटाला दोन शब्द जमत होते, ते अकरा जमू लागले. पहिल्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. माझा स्वभावच तसा आहे. समोरचा अडखळला की मला राहवत नाही, मी त्याचं वाक्य पुरं करून टाकते.

आणखी एक झालं, ते मला त्याहून मोठं वाटलं. एका संध्याकाळी मल्लेशनं दारातून डोकावून विचारलं, “काही हवंय का आप्पा?” आणि पडद्यावर उमटलं, ‘ये.’ मल्लेश आत गेला. तासभर बसला. उठायला लागला तर पुन्हा ‘ये.’ हा परत बसला. त्या दिवसापासून सहा महिने तो गॅरेज लवकर बंद करून रोज बापापाशी बसत होता. आजारानं माणूस गोड झाला, असं आम्ही पाहुण्यांनाही सांगत होतो.

अकराला दहा कमी असताना मी मामांच्या खुर्चीत बसले आणि कच्ची नोंद उघडली. पडद्यावर उमटतं ती पक्की नोंद. हातानं खरोखर जे दाबलं ते कच्च्या नोंदीत राहतं. ती कुणी बघत नाही. मीही सहा महिन्यांत एकदाही बघितली नव्हती.

थरथरीची जादा अक्षरं सोडली तर आठ वाजून नऊ मिनिटांनी मामांनी लिहिलं होतं, ‘जातो.’ पडद्यावर आलं, ‘येतो.’ त्यांनी खोडलं आणि पुन्हा लिहिलं, ‘जातो.’ पुन्हा ‘येतो’ आलं. तिसऱ्यांदा खोडलं, तिसऱ्यांदा ‘जातो.’ त्यानंतर एकही कळ दाबलेली नव्हती.

मी त्या ओळींवर बोट ठेवून त्या पुन्हा वाचल्या.

आपल्यात निघताना कुणी ‘जातो’ म्हणतं का? शत्रूसुद्धा ‘येतो’ म्हणून निघतो. लहान मूल ‘जाते’ म्हणालं तर आजी तोंडावर हात ठेवते. त्या लाखो लोकांच्या मराठीत निरोपाला ‘जातो’ जवळजवळ नव्हताच. म्हणून ड्रायव्हरनं ठरवलं, की हा हात चुकला. त्यात इन्स्क्रिप्ट या मराठी कळफलकावर ‘ज’ वरच्या ओळीच्या टोकाला, ‘य’ खालच्या ओळीच्या टोकाला, आणि दोन्ही उजव्या करंगळीचे. काना आणि मात्रा डाव्या हाताखाली एकमेकांना लागून. करंगळी वर घसरते, असं नकाशात नोंदलं गेलं. मामांनी पहिल्यांदा ते तसंच राहू दिलं असावं, आणि मौन म्हणजे संमती. नंतर ते खोडून पुन्हा ‘ज’ दाबू लागले, तर ड्रायव्हर म्हणाला, बघा, करंगळी पुन्हा तिथंच घसरली. हा नियम मी लिहिला होता. माणूस जितकी तक्रार करील, तितका त्याचा हात आजारी ठरेल, असा तो नियम होता.

एकदा करंगळी खोटी ठरल्यावर जिथं जिथं दोन्ही शब्द चालतात, तिथं तिथं तो बदलत गेला. ‘जेवण’ सुटलं, कारण ‘येवण’ असा शब्द नाही. बाकीचं मी भराभर वाचत सुटले. महिन्यापूर्वी त्यांनी विचारलं होतं, ‘मी जाऊ का?’ आम्हाला दिसलं, ‘मी येऊ का?’ आणि मल्लेश हसून म्हणाला होता, “कुठं येताय, बसा की इथंच.” ‘गंगूकडे जाईन’ लिहिलं, त्याचं ‘गंगूकडे येईन’ झालं. बिचाऱ्यांना बहिणीची आठवण येते असं समजून आम्ही गंगव्वा आत्यांना संकेश्वरहून बोलावून घेतलं. त्या पिशवीभर मिरच्या घेऊन आल्या आणि चार दिवस राहून गेल्या. तीन आठवड्यांपूर्वीची ओळ तर मी डॉक्टरांना वाचून दाखवली होती. ‘मी ये लिहितो, ये येतं.’ डॉक्टरांनी मान हलवली आणि विस्मरणाची चाचणी लिहून दिली. कच्च्या नोंदीत होतं, ‘मी जा लिहितो, ये येतं.’

तुम्ही म्हणाल, ‘निघतो’ लिहायचं होतं. दुसरा कुणी असता तर लिहिलंही असतं. पण हे हत्तरगी सर. बरोबर लिहिलेला शब्द मशीनसाठी बदलणाऱ्यांतले ते नव्हेत.

“काय बघालीस त्यात?” मल्लेश दारात उभा होता.

“ते ‘येतो’ लिहून गेलेले नाहीत. ‘जातो’ लिहिलंय. तीनदा. गाडी काढ. संकेश्वर.”

गंगव्वा आत्यांचा फोन नुसता वाजत होता. मी गोळ्यांची डबी घेतली, लॅपटॉप घेतला आणि मामांचा कळफलक वायर ओढून काढून घेतला. कळफलक कशाला घेतला ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

गाव सुटलं. मग मल्लेश म्हणाला, “मला न सांगता जाणार नाहीत ते. रोज मला ये म्हणतात. काल पण म्हणाले.”

मी गप्प बसू शकले असते. पोटात ठेवलं असतं तर आजपर्यंत कुणाला कळलं नसतं. पण काट्याचा नायटा होतो, आणि हा काटा मीच टोचला होता.

“मल्लेश, ते ‘ये’ नव्हतं.”

“म्हणजे?”

“‘जा’ होतं. रोज ‘जा’ लिहायचे. तू उठलास की पुन्हा ‘जा.’ ड्रायव्हर बदलत होता.”

त्यानं गाडी बाजूला घेतली. इलेक्ट्रिक गाडी, थांबली की काहीच वाजत नाही. मला वाटलं आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

“सहा महिने,” तो म्हणाला. “सहा महिने मी त्या खोलीत जाऊन बसालोय. आणि आप्पा मला जा म्हणालेत.”

“माझी चूक आहे.”

“तुझी कशी? बोट त्यांचं, शब्द त्यांचा.” त्यानं गाडी पुन्हा सुरू केली. “आधी सापडू देत. मग बघू.”

साडेअकरा झाले होते. मी प्रत्येक थांब्यावर, प्रत्येक झाडाखाली बघत होते. बाजूनं ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रक पुढं गेला की मी पुन्हा रस्त्याच्या कडेला बघत होते.

ते संकेश्वरजवळ हायवेच्या फाट्यावर सापडले. बसमधून उतरून आत्यांच्या वस्तीकडे जायला तिथं वडापची, माणशी भाडं घेणारी रिक्षा धरावी लागते. बसथांब्याच्या खांबाला एक हात लावून मामा उभे होते. पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी, अंगावर रणरणतं ऊन. आजूबाजूला माणसं होती. सगळ्यांना वाटत होतं, म्हातारा बसची वाट बघतोय. समोरचा रसवंतीवाला म्हणाला, “तासभर झाला की. कुठं जायचंय विचारलं, बोलंनात. म्हटलं रुसून आलं असतील घरातनं.”

मल्लेशनं त्यांना अक्षरशः उचललं. पाऊल सुटत नव्हतं, ओठ पांढरे पडले होते. रसवंतीच्या बाकावर बसवून मी गोळी पाण्यात विरघळवली आणि चमच्यानं पाजली. मामांनी माझ्याकडे बघितलं, मल्लेशकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले. मला रडू आलं, ते मी आवरलं नाही.

गोळी चढायला अर्धा तास लागतो. मल्लेश बापाच्या डोक्यावर वर्तमानपत्र धरून उभा राहिला. मी लॅपटॉप उघडून कंपनीतल्या माझ्या वरिष्ठाला, हृषीकेशला, सगळं कळवलं. त्याचं उत्तर दोन मिनिटांत आलं. ‘बेचाळीस हजार लोक वापरतात. एक तक्रार नाही. लोक खूश आहेत, कशाला खाजवून खरूज काढतेस?’

तक्रार कशी येणार? तीही याच ड्रायव्हरमधून यायची होती.

बेचाळीस हजार हात. त्यांतल्या किती घरांत माणसं गोड झाली असतील, किती ‘जा’चे ‘ये’ झाले असतील, आणखी काय काय कशाचं काय झालं असेल, कोण जाणे. माझ्या हातात एकच गोष्ट होती. कच्ची नोंद पडद्यावर पक्क्या नोंदीखाली दिसावी, असं एक सेटिंग होतं, आम्ही ते चाचणीसाठी ठेवलं होतं. ते मी सगळ्यांसाठी चालू केलं. आज संध्याकाळी कित्येक घरांत भांडणं होणार, हे मला कळत होतं. नोकरीवरही गदा येणार होती. तरी मी बटण दाबलं आणि फोन बंद केला.

मामांच्या बोटांत हालचाल आली. मल्लेशनं उसाचा रस आणला, त्यांनी दोन घोट घेतले.

“आप्पा, घरी चला,” मल्लेश म्हणाला.

मामांनी मान हलवली. नाही.

“का? काय कमी पडलं तुम्हाला तिथं?”

ओठ हलले. नुसता वारा. मी कळफलक त्यांच्या मांडीवर ठेवला, लॅपटॉपला जोडला, फाइल उघडली आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ०.३ खोडून १ लिहिलं. “मामा, आता मधे कुणी नाही,” मी म्हणाले. “थरथर पण गाळणार नाही. जे दाबाल ते उमटेल. चुकलं माझं. फार चुकलं.”

त्यांनी पडद्याकडे संशयानं बघितलं. मग उजवी करंगळी उचलली, ती हवेत थरथरत राहिली, आणि खाली आली.

‘जजजज’

ते बराच वेळ त्या अक्षरांकडे बघत राहिले. मग खोडलं नाहीच, पुढं लिहू लागले. मागं चरक फिरत होता, त्याचे घुंगरू वाजत होते. एकेका शब्दाला दोन-दोन मिनिटं. ‘गगगंगू’ आलं आणि माझी जीभ वळवळली, ‘गंगव्वा आत्यांकडे राहायचंय ना?’ म्हणायला. मी दातांनी जीभ धरून ठेवली.

‘गगगंगू बबोलते. उउत्तर लललागत नाही.’

मल्लेशनं वाचलं. मलाही आत काहीतरी लागलं. आमच्याकडे प्रत्येकजण त्यांना विचारत होता. बरं वाटतंय का, पाणी हवंय का, टीव्ही लावू का. एकेका उत्तराला त्यांना अंग पिळून काढावं लागत होतं. गंगव्वा आत्या सकाळपासून रात्रीपर्यंत एकट्याच बोलतात आणि कुणाच्या उत्तरासाठी थांबत नाहीत.

“आणि मला जा म्हणायचात ते?” मल्लेशचा आवाज फाटला. “मी रोज येऊन बसायचो. ते तुम्हाला नको होतं?”

मामांनी त्याच्याकडे असं बघितलं, जसं वर्गात चुकीच्या ओळीवर बोट ठेवताना बघत असतील. मग पुन्हा कळफलक. घामाचा थेंब टोपीतून कपाळावर आला, मल्लेशनं तो बाहीनं पुसला.

‘ततू ददमून येयेतोस. बबसून पेंपेंगतोस. महणूण जजा.’

“म्हणून,” मल्लेश नकळत म्हणाला. नापास विद्यार्थ्यानं सरांची चूक काढली होती. मामांच्या तोंडाचा एक कोपरा हलला. आजारानं चेहरा थिजलाय त्यांचा, तेवढंच हलतं.

मल्लेश त्यांच्यापुढं उकिडवा बसला. “खरं सांगू आप्पा? पेंगत होतो. काय बोलावं कळायचं नाही मला. पण तुम्ही ये म्हणताय म्हटल्यावर कसा उठू?” त्यानं नाक ओढलं. “मग आता येऊच नको का मी?”

करंगळी उचलली गेली. ‘य’ आणि ‘ज’ दोन्हींच्या मधे ती लटपटत होती आणि आम्ही दोघं त्या एका बोटाकडे बघत होतो. त्यांनी हात मागं घेतला, मांडीवर दाबून धरला, आणि भलत्याच कळीपासून सुरुवात केली. मला अंदाज बांधता येईना, आणि मी बांधलाही नाही. पाच मिनिटं लागली.

‘ररविवारी ययये. ररोज नको.’

मल्लेश हसला आणि हसता हसता त्याला हुंदका आला. सहा महिन्यांचं गोड बोलणं एका वाक्यानं पुसून टाकलं होतं आणि तरी त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसत होतं. “हा माझा बाप,” तो मला म्हणाला. “हे आप्पाच.”

तेवढ्यात मल्लेशच्या फोनवर गंगव्वा आत्यांचा फोन आला. शेतात होत्या म्हणे. अण्णा ‘जातो’ लिहून निघाला आणि फाट्यावर आहे हे ऐकून त्यांनी आधी आम्हाला दोघांना झाडलं, मग मोठ्या भावाला. “निघताना जातो म्हणून लिवतंय व्हय कोण? अवलक्षणी!” मामा ते स्पीकरवर ऐकत होते आणि उत्तर द्यायची काही गरज नव्हती. आत्या बोलतच राहिल्या. माडीवरची खोली झाडायला घेते म्हणाल्या.

मल्लेशनं बापाची चप्पल सरळ केली. पाऊल आता सुटत होतं. दोघांनी मिळून त्यांना गाडीपर्यंत नेलं. बसवल्यावर मल्लेशनं दार लावायच्या आधी विचारलं, “रविवारी किती वाजता येऊ?”

मामांनी कळफलकासाठी हात पुढं केला. मी तो त्यांच्या मांडीवर ठेवला, लॅपटॉप डॅशबोर्डवर उघडा धरला. उन्हात पडदा नीट दिसत नव्हता म्हणून मल्लेशनं वाकून त्यावर सावली केली.

‘जजजजेवायला.’

“बरं,” मल्लेश म्हणाला. नऊ वर्षांत पहिल्यांदा बापानं त्याला जेवायला बोलावलं होतं, तेही स्वतःच्या बहिणीच्या घरी.